किटलीचा कान

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? मामींचा खोकला गेला का? इथे आई आणि मी खुशाल आहोत, आणि या वेळी हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही.

तुम्ही मला ज्या हॉटेलात चिकटवलंत (शेठची आणि तुमची जुनी ओळख म्हणून) तिथला पगार हातात यायच्या आधीच त्याला पाय फुटतात. ॲप्रनचे कापले, तो धुण्याचे कापले, आणि एकदा मी रजेवर असताना प्यायलेल्या चहाचेही कापले. आईचा चष्मा चार महिने याच चहात बुडाला होता. बिचारी अंदाजाने बटणं लावायची, म्हणून माझे सगळे शर्ट एका बाजूला चढलेले.

त्यात ती किटली. चिनी मातीची, निळ्या फुलांची. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ती घासायला मिळते. मलाही मिळाली आणि तिचा कान माझ्या हातात आला. शेठने हळहळत अख्ख्या किटलीची किंमत कापली. पण पैसे भरले म्हणजे वस्तू आपली, अशी माझी सरळ समजूत (ही आईकडून आली, तुमच्याकडून नव्हे). काही दिवसांनी ती फळीवर दिसली. कान नुसत्या डिंकाने टेकवलेला. मला वाटलं, शेठला घाई असेल. मी सुतार मित्राकडून जालीम सरस आणला आणि कान असा बसवला की त्याला बैल बांधावा.

गेल्या आठवड्यात एक नवीन काकू भांड्यांना लागल्या. त्यांनी किटली घासली, पुसली आणि गल्ल्यावर आणून ठेवली, कानासकट. शेठचा चेहरा पडला. त्याने कान ओढून पाहिला, मग जोर लावून ओढला. कान हलला नाही, किटली मात्र गल्ल्यावर आपटून फुटली आणि कान शेठच्या बोटात राहिला. तेव्हा म्हातारा आचारी शांतपणे म्हणाला की या किटलीचे आजवर सात जणांनी पैसे भरलेत, आठवे शेठ.

काकूंना पुढे घालून आम्ही कामगार कार्यालयात गेलो. मी सगळ्यांच्या मागे, कारण नोकरी गेली तर आईला तोंड काय दाखवणार (तिला दिसलं नसतं, ती गोष्ट वेगळी). तिथल्या बाईंनी सांगितलं की मालकाला मनाला येईल ते कापता येत नाही. नुकसान आपल्याच चुकीने झालेलं हवं, आधी आपलं म्हणणं ऐकायला हवं, आणि ॲप्रन तर त्यानेच द्यायचा. शेठला बोलावणं गेलं. त्याने सगळ्यांचे पैसे परत दिले. नोकरीही शाबूत राहिली. मामा, मी तिथल्या पायरीवर बसून दोन मिनिटं नुसता श्वास घेतला, इतकं हलकं वाटलं. मग थेट चष्म्याच्या दुकानात.

मामींना नमस्कार सांगा, कंबरेला शेक घ्या.

तुमच्या ओळखीवर पोट भरणारा,
भाचा

ता. क. : निघताना बाईंनी विचारलं, नोकरी लावून दिली म्हणून पगारातून कुणी काही घेतं का, कारण तेही चालत नाही. मी म्हटलं, घेतात, पण नाव आठवत नाही. तर दर एक तारखेला शेठकडून परस्पर तुमच्याकडे जे येतं ते आता थांबवा, मागचंही जमेल तसं पाठवा. आईला यातलं काही माहीत नाही, निर्धास्त असा.

ता. क. २ : पत्र टेबलावर ठेवून मी हात धुवायला गेलो होतो. आलो तर आई नवा चष्मा लावून बसलेली. अक्षर न अक्षर लागतं म्हणाली. उद्या सकाळच्या गाडीने पत्र तीच घेऊन येतेय, म्हणजे तुम्ही हे वाचताय तेव्हा ती समोर बसलेली असेल. आधी तिला पाणी द्या.