छकुलीचा खोकला

ता. ९, रविवार

प्रिय धाकट्या,

तुम्हा दोघांना आणि छकुलीला आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा आता बरा आहे, जिभेला तर कधीच काही झालं नव्हतं. शाळेच्या गाडीचे मागचे टायर बदलले. तुमची वरची खोली रिकामीच ठेवलीय. दोघं-तिघं भाड्याने मागत होते, मी दिली नाही.

शेजारचे मास्तर आता पालापाचोळा जाळत नाहीत, खड्ड्यात पुरून खत करतात. आठवतं ना, कुंपणापाशी उभा राहून मी त्यांना कसं फैलावर घेतलं होतं? "आमच्या पोरीला खोकला आहे आणि तुम्ही हवा घाण करता, लाज नाही वाटत?" अख्खी गल्ली गोळा झाली होती. आता ते समोरून आले की मीच मान खाली घालतो. का, ते सांगायलाच लिहायला बसलो आणि मघापासून टायरचं पुराण लावलंय.

गेल्या आठवड्यात खाली रंगकाम काढलं, म्हणून आम्ही दोघं वर तुमच्या खोलीत झोपलो. मला कणकण होती, गाडी न्यायला बदली ड्रायव्हर बोलावला होता. त्याला माझंच फर्मान होतं, आधी इंजिन चांगलं तापू दे, मगच गाडी हलव. माझ्या उस्तादाने शिकवलेलं, मी जन्मभर पाळलेलं. सकाळी घसा खवखवून जागा झालो तर खोलीभर डिझेलचा धूर! छकुलीच्या पलंगाला लागून खिडकी, आणि बरोबर तिच्याखाली गाडीचं सायलेन्सर. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. तुझी वहिनी एवढंच म्हणाली, "तरी मी सांगत होते, गाडी पुढे लावत जा." सांगत होती रे. मी म्हणायचो, तुला इंजिनातलं काय कळतं.

मेकॅनिकला विचारलं तर तो हसलाच. "काका, ते जुन्या गाड्यांचं. आता चालू केली की निघायचं, हळू चालवली की आपोआप तापते."

म्हणजे रोज सकाळी पोरीला धूर पाजत होतो मी, आणि दोष दिला मांजराला. ठोंब्याचे केस, ठोंब्याचे केस, म्हणून त्याला पिशवीत घालून बाजारापलीकडच्या शिंप्याकडे देऊन आलो. नंतर डॉक्टरांनी हवापालट सांगितली तेव्हा तुझ्यावरच उखडलो. "जा, इथल्या हवेत काय विष आहे?" असं म्हणालो होतो मी. तूही मग चंबूगबाळं आवरून निघालास.

ठोंब्या गेल्यावर छकुली माझ्यासमोर खोकायचीच नाही. तोंडावर हात दाबायची, लालबुंद व्हायची. मी चारचौघांत शेखी मिरवली, बघा, मांजर गेलं नि खोकला पळाला! काल तुझ्या वहिनीने खरं काय ते सांगितलं. काकासमोर खोकलं नाही तर काका ठोंब्याला परत आणेल, असं पोरीने तिच्या कानात सांगितलं होतं. धाकट्या, मी भरल्या ताटावरून उठलो.

आता गाडी गल्लीच्या तोंडाशी लावतो, आणि बसल्यावरच चालू करतो. शाळेच्या फाटकाशी मुलांची वाट बघताना इंजिन बंद. बाकीच्या ड्रायव्हरांनाही सांगतो, पण न ओरडता. मास्तरांची माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, त्याने आणखीच लाजलो.

ठोंब्याला आणलंय. शिंपी सोडेना, फार विनवण्या केल्या तेव्हा दिला. माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. दिवसभर तुमच्या दाराशी बसून असतो.

परत या म्हणायला मला तोंड नाही. यायचं की नाही ते तू ठरव, मी चकार शब्द काढणार नाही. छकुलीला मात्र एवढं वाचून दाखव. खोकला आला की खुशाल खोक गं बाळा, काकासमोरसुद्धा. ठोंब्या कुठेही जाणार नाही.

मांजरावर ढकलून मोकळा झालेला,
तुझा दादा