उशी धरून खोकायचं

७ जाने.
संभाजीनगरचा दवाखाना. उद्या ऑप. फुप्फुसाभोवती पू झालाय, छाती उघडून साफ करणार. भुलीच्या डॉ. बाई आल्त्या. बायको, कमल, कोपर मारून राह्यली, तरी सांगून टाकलं, "मॅडम, मी दारू सोडलेला माणूस. नशेचं काही देऊ नका." म्हणल्या, "सांगितलं ते बरं केलं. पाठीत बारीक नळी टाकू, फासळ्या बधिर राहतील. जोराची गोळी लागलीच तर मोजकी."
मोजकी म्हणजे देणारच की!

९ जाने.
जिता आहे. कुशीत एक नळी, तिची बाटली खाटेखाली. पाठीतली नळी चालू हाय तोवर बराबर. सारखं खोकायचं, उशी छातीशी कवटाळून. न्हाई खोकलं तर फुप्फुस उघडत न्हाई म्हणे.

११ जाने.
पाठीतली नळी काढली. आई गं! फासळ्यांत पहार घालून राह्यलंय कुणीतरी. साध्या गोळ्यांनी भागंना. सिस्टरनं जोराची दिली. गालात धरली, ती गेल्यावर रुमालात थुंकली. रोज कमलसंगं पाचवं शील म्हणतो, नशापाणी करणार न्हाई म्हणून. ते इथं मोडू?

१३ जाने.
ताप. एक्सरेत फुप्फुसाचा खालचा भाग मिटलेला. दुखतं म्हणून खोकतच नव्हतो. रुमालातल्या गोळ्या कमलला घावल्या, तिनं सरळ डॉ. बाईंपुढं धरल्या. बाई लई तापल्या. "नशा टाळायची म्हणजे दुखणं सोसत पडायचं, हे कोणी सांगितलं? खोकता यावं एवढ्यापुरतीच गोळी आहे ही."
कमल म्हणली, "अहो, शील मरा म्हणून सांगत न्हाई." अन् रडायला लागली. घेतली मंग.

१४ जाने.
लिहू का नको. गोळीनं दुखणं हटलं, खोकलो, बेडका पडला, डॉ. बाई खूश. पण त्याच्यासंगं पोटातून ऊब चढली. दुकानाची फिकीर न्हाई, कशाचीच न्हाई. ओळखीची ऊब. भिंतीकडं तोंड करून पडलो. भ्या वाटलं, अन् उद्याची गोळी कवा मिळंल हेपण वाटलं.

२० जाने.
घरी, वडीगोद्री. साध्या गोळ्या टायमावर. जोराची फक्त खोकताच येईना तर, अन् तीपण कमलच्या हातून. तिनं पाकीट पदराच्या गाठीत बांधलंय. मोटार वायंडिंगचं दुकान बंदच. गिऱ्हाईक शटर वाजवून जाऊन राह्यलं. माझं ध्यान पदराकडं. भाकरी थापताना, झाडताना, पदराकडंच. थू माझ्या जिंदगानीवर.

२५ जाने.
संध्याकाळी वंदनेला बसलो. पाचवं शील आलं अन् शब्दच निघंना. मंग खोकल्याचं सोंग केलं, चांगलं दणकून. कमलनं एकटीनंच म्हणलं.
उठल्यावर म्हणलो, "आज लई दुखून राह्यलंय. गोळी दे."
"आत्ता तर खोकलात. उशी न धरता."
तिनं उशी आणून माझ्या मांडीवर ठेवली. "धरा अन् परत खोका. खरंच दुखलं तर देते. तुमी म्हणताल ते खरं मानते मी."
गाठ सोडून, पाकीट हातात घेऊन समोर बसलीय. मी वही काढली, तरी उठंना. उशी मांडीवरच आहे. अजून खोकलो न्हाई.