‘उत्तम’ लिहिलेला डबा

प्रिय ताई,

माझं पत्र बघून तुला वाटलं असेल, हा कुठेतरी अडकला आणि पाकीट हरवून बसला. तसं काही नाही. मी घरी आहे, बाबांच्या कारखान्यात, आणि चक्क सहा आठवडे टिकलोय. बाबा म्हणतात, भोवऱ्याची आर झिजली वाटतं.

बातमी मोठी आहे. ती नावाजलेली गाड्यांची कंपनी आठवते? तिच्या गाडीमागे लहानपणी मी चपला हातात घेऊन पळालो होतो, आणि तू माझ्यामागे. तर त्यांना दाराच्या हँडलमधली स्प्रिंग हवी होती. बाबांनी तीन पत्रं पाठवली, चौथ्यांदा इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः गेले. तिथे म्हणे फाटकावरचा माणूससुद्धा टाय लावून होता. शेवटी त्यांनी पन्नास नमुने मागवले. बाबा मला म्हणाले, खिडकीतला डबा पाठवून दे, आणि तारा आणायला गेले.

खिडकीत डबे दोन. एकावर खडूनं ‘बरी’, दुसऱ्यावर ‘उत्तम’. आता तूच सांग, डोकं ठिकाणावर असलेला माणूस कुठला पाठवेल? चार वर्षं बाहेर भटकून आपल्या घरातली भाषाच विसरलो होतो मी. कप फुटला की उत्तम. मी नापास झालो की उत्तम. आणि काही खरंच मनासारखं झालं तर, फार तर फार, बरं आहे.

संध्याकाळी बाबांना कळलं. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, उत्तम.

कंपनी नमुने एकदाच घेते, त्यामुळे बदलायची सोय नव्हती. त्या डब्यात तुझ्या भट्टीत दोनदा शेकलेल्या स्प्रिंगा होत्या, हे मला मशीनवाल्या काकांनी सांगितलं. भांडणही सांगितलं. एकदा शेकलेलं परत शेकायला ही स्प्रिंग आहे की शिळा पाव, असं बाबा म्हणाले, आणि तू म्हणालीस, मग तुमचा पाव तुम्हीच खा, आणि पुढच्या आठवड्यात त्या पंपांच्या कारखान्यात नोकरीला लागलीस.

तीन आठवडे बाबा माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. आणि काल कंपनीच्या बाई रिकामा डबा परत घेऊन स्वतः आल्या. त्यांच्या गाडीचं दार बंद होतं ना, ताई, जाड पुस्तक मिटल्यासारखं. मी तीनदा उघडून बघितलं, ड्रायव्हर वैतागला. असो. बाई म्हणाल्या, यंत्रानं लाखभर वेळा हँडल ओढलं, बाकी चौघा पुरवठादारांच्या स्प्रिंगा ढिल्या पडल्या, तुमची एकही नाही. पुढच्या गुरुवारी आमच्यासमोर बनवून दाखवा, जमलं तर काम तुमचं. मग विचारलं, या बनवल्या कुणी? मी छताकडे बघत राहिलो. बाबांनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि म्हणाले, माझ्या मुलीनं.

तेव्हापासून बाबा आणि काका भट्टीशी झटतायत. दुसऱ्यांदा किती वेळ, किती आचेवर, ते एकट्या तुला ठाऊक. आजच्या सगळ्या स्प्रिंगा भंगारात गेल्या. मी म्हटलं, ताईला फोन करा, तर म्हणाले, पंख्याचा आवाज येतोय, तो बघ. ताई, आकडे लिहून पाठवू नकोस. तूच ये, बुधवारपर्यंत. हे लिहायला त्यांनी मला सांगितलेलं नाही. पण आत्ता पाकीट शोधायला खिडकीशी गेलो, तर तुझा रिकामा डबा धुऊन पुसून जागेवर ठेवलेला. ‘उत्तम’ गेलंय. त्या जागी बाबांच्या तिरप्या अक्षरात ‘बरी’ लिहिलंय.

तुझाच, गुरुवारपर्यंत तरी कुठेही न पळणारा,
भोवरा