योगिनीच्या नावे गाळा आणि गाडी

मी, दत्तोबा भुजंगराव काळदाते, वय वर्षे बाहत्तर, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, मूळ राहणार केज, हल्ली मुक्काम पिंपळे गुरव, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. यापूर्वी असा कागद केलेला नाही, कारण मरायला सवड नव्हती. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात माझी मनःस्थिती उत्तम असल्याचं लिहिलं आहे. पत्नी इंदुताईचं म्हणणं, डॉक्टरांनी एकदा घरी येऊन बघायला पाहिजे होतं.

लिहिण्याचं कारण असं. आमचा एकुलता एक मुलगा रविराज तापाच्या दुखण्यात गेला. त्याची बायको योगिनी आमच्यापाशीच राहते. वर्षश्राद्धाच्या पंगतीत माझा पुतण्या कोंडीराम तोंडात घास असताना म्हणाला, "काका, सून म्हणजे परक्याची लेक. आज ना उद्या जाणारच. गाळा घराण्यात राहिला पाहिजे." योगिनी तेव्हा वाढत होती. तिनं त्याच्या पानात कढी वाढली आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून ती माझ्या घरात पाहुण्यासारखी वावरू लागली, आणि ते बघून माझा जीव तुटतो. माझ्या माघारी तिला कुणी 'ऊठ' म्हणू नये, एवढ्यासाठी हा कागद.

कलम १. पिंपळे गुरव येथील राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. वडिलोपार्जित म्हणाल तर केजहून आणलेली एक वळकटी आणि भाऊबंदांचे टोमणे. घर प्रथम इंदुताईला आणि तिच्या पश्चात योगिनीला मिळावं. इंदूला विचारल्याशिवाय भिंतीतला खिळासुद्धा कुणी काढू नये. बँकेतली शिल्लक सगळी इंदूची. ती कमी आहे यावरून इंदू बोलेल, बोलू द्यावं.

कलम २. चिंचवड स्टेशनजवळचा गाळा, पाटीसकट, योगिनीला पूर्ण मालकी हक्कानं. हत्यारंही तिचीच. अपवाद फक्त काम घट्ट धरायच्या लोखंडी वाईसचा. तो शेजारच्या गॅरेजवाल्या मुरारीला द्यावा. द्यावा म्हणजे काय, त्याच्याकडेच आहे. मागायला गेलं की "भावा, उद्या आणतो" म्हणतो. आता आणू नको म्हणावं, राव.

कलम ३. माझी काळी टू-स्ट्रोक मोटारसायकल. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. वकीलबाई जयमालाताई म्हणाल्या, एवढं लिहायची गरज नाही. मला आहे.

गाडी सहा व्होल्टची. त्या बॅटरीला हात लावला तर काहीच कळत नाही. पण तोच करंट टाकीखालच्या कॉइलमध्ये शिरतो, आत बारीक तारेचे हजारो वेढे असतात, करंट तोडणारा पॉइंट उघडतो आणि क्षणात त्याचे हजारो व्होल्ट होतात. प्लगच्या टोकाला निळी ठिणगी पडते आणि दोन माणसं महाळुंग्याला पोचतात. हे कसं होतं ते मी कुणालाही समजावून सांगेन. पण होतं, याचं नवल माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. पोराटोरांना देवळात नेतात, तसा मी रविराजला किक मारून प्लगची ठिणगी दाखवायचो. तो टाळ्या वाजवायचा.

रविराज गेल्यावर गाडी बरेच दिवस उभीच होती. योगिनी महाळुंग्याला, गाड्यांची वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीचं काम करते. एक दिवस म्हणाली, "मामा, मी गाडी नेऊ का शिफ्टला?" मी तयार करून दिली. सपाटीवर झकास चालायची. चढ लागला, पुलावर जोर द्यावा लागला, की फटफट करून बंद. थोडं थांबून परत चालू. योगिनी दर वेळी ढकलत खाली आणायची.

मी प्लग काढला, इंजिनच्या हेडला टेकवून किक मारली. करंट एकदम टकाटक. तेव्हा कॉइल चांगली, असा आमच्या धंद्यातला निकाल. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, कार्बोरेटर तीनदा उघडला. मुरारीनं वास घेऊन "जेट तुंबलाय" असं सांगितलं. त्याला सर्दी असली तरी तो जेटच सांगतो. कोंडीराम म्हणाला, "भंगारात टाका काका, मी टेम्पो बघतो."

एका रविवारी भर दुपारी योगिनी गाळ्यावर आली. म्हणाली, "मामा, प्लग भाईर असला की करंटला सोपं जातंय. आत दाबाखाली त्याला जोर लागतो. तवा तो दुसरी वाट धरत आसंल. आमी कंपनीत वायरीला जास्त व्होल्ट देऊनच बघतो, मगच ती खरं बोलती." ठिणगीला बाहेरही तेवढाच जोर लागावा म्हणून तिनं प्लगची फट वाढवली. शटर खाली ओढलं, त्याच्या खालच्या फटीला गोणपाट लावलं. गाळ्यात अंधार झाला. "आता मारा किक."

मी किक मारली. आणि देवाशप्पथ सांगतो, ठिणगी प्लगला पडलीच नाही. कॉइलच्या तोंडापासून चेसीपर्यंत, तिच्याच अंगावरून, एक निळी रेघ सरपटत गेली. पुन्हा किक, पुन्हा रेघ. सारा जन्म करंट बघितला, पण तो असा चोरवाटेनं निघून जाताना पहिल्यांदा बघितला. मी किक मारतच राहिलो. योगिनी म्हणाली, "मामा, पुरे आता, पाय दुखंल."

शटर वर केलं. ज्या वाटेनं करंट गेला तिथं कॉइलवर लाल-काळा थर होता. कुंकू! खंडेनवमीला आम्ही हत्यारांची नि गाडीची पूजा करतो. लोक हँडलला, मडगार्डला हळदकुंकू लावतात. मी इंदूला दर वर्षी सांगायचो, "कॉइलला विसरू नकोस, गाडीचा जीव तिथं आहे." ती भक्तीनं पाच बोटं ओढायची, ओल्या कुंकवाची. त्यावर तेल बसलं, धूळ बसली, आणि करंटनं तिथून जाऊन जाऊन त्याचा कोळसा केला. ज्याला देव मानला, त्याला आम्हीच पळून जायला रस्ता करून दिला होता. इंदूला कळलं तेव्हा तिनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! म्हणजे माझ्यामुळंच?" योगिनी म्हणाली, "आत्या, तुमी मायेनं लावलं. त्याला फक्त मानवलं न्हाई."

पेट्रोलनं पुसलं, पॉलिशपेपरनं घासलं. दोन दिवस बरी चालली, मग रेघ परत आली; कोळसा आतवर गेला होता. योगिनीनं जुन्या बाजारातून सहा व्होल्टचीच दुसरी कॉइल शोधून आणली, स्वतः बसवली, प्लगची फट पूर्ववत केली. मग मला मागं बसवून निगडीच्या पुलावर गाडी घातली. चढ संपला तरी गाडी कुरकुरली नाही. मी मागं बसून रडत होतो. तिला वाटलं डोळ्यात कचरा गेला.

सबब सदर गाडी योगिनीला. चालवावी, विकावी, उभी करावी, तिची मर्जी.

कलम ४. जळकी कॉइल कोंडीरामला द्यावी. काहीतरी घराण्यात राहिलं पाहिजे.

कलम ५. वकीलबाईंनी आणलेल्या मसुद्यात गाळ्यापुढं असे शब्द होते: 'योगिनी पुनर्विवाह करेपर्यंत'. मी म्हटलं, हे काय? त्या म्हणाल्या, "काका, अशीच पद्धत आहे." योगिनी तिथंच बसली होती. खाली बघून म्हणाली, "राहू द्या मामा. बरोबर हाय ते." बरोबर कसलं डोंबलाचं! मी ते शब्द स्वतः खोडले आहेत आणि बाजूला सही केली आहे. योगिनीनं लग्न करावं न करावं, घर, गाळा, गाडी यातलं काहीही परत घेतलं जाणार नाही. केलं, तर हे तिचं माहेर. मांडव आमच्या दारात पडेल आणि कन्यादान इंदुताई करील. तेव्हा मी नसेन आणि इंदू विधवा असेल. म्हणून ती मागं सरेल. तिला सरू देऊ नये. विधवेनं कन्यादान करू नये असं कुणी शास्त्र सांगत आला, तर त्याला प्लग काढलेल्या गाडीवर बसवावं आणि म्हणावं, चालू झाली की मग बोल.

हे सर्व मी वाचून, समजून, राजीखुशीनं सही करतो.

सही: दत्तोबा भुजंगराव काळदाते

साक्षीदार, ज्यांना यातलं काही मिळत नाही आणि तरी जे आले:
१. भिमाजी गेनबा तापकीर, चहावाले, चिंचवड स्टेशन (सही)
२. मिनल सुरेश वाघोले, शेजारी, पिंपळे गुरव (सही)

ठिकाण: चिंचवड. दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५.

ता. क. हा कागद इंदुताईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आधी मरा तर खरं," आणि चष्मा लावून कलम पाच स्वतः पुन्हा वाचू लागली. मग पेन मागून घेतलं. खालची ओळ तिच्या हातची आहे.

कन्यादान मी करीन. कुणाला विचारणार नाही. इंदुताई दत्तोबा काळदाते.