न्हाणीघर आणि त्याखालची जमीन

मी, हिल्मा कांगास, दिवंगत एली कांगास यांची पत्नी, राहणार पाइन क्रीक खाणवस्ती, मिनेसोटा, कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी इच्छा लिहून ठेवते. डॉक्टर म्हणतात, हृदय थकले आहे. डोके थकलेले नाही.

१. राहते घर, गाय आणि बँकेतली शिल्लक मुलगा टोइव्हो याला. गावात तो टॉम किंग म्हणवतो. इथे मी ठेवलेलेच नाव चालेल.

२. माझा हातमाग सून डोरोथीला. तिला विणता येत नाही, पण जाता-येता ती त्यावरून हात फिरवते.

३. दुकानदार हॅस्केलला काहीही नाही. देशभर कम्युनिस्टांची आणि परदेशी माणसांची धास्ती होती, त्या हिवाळ्यात त्यानेच शेरीफला कळवले की हे फिनलंडचे लोक शनिवारी झोपडीत नागडे बसून शपथा घेतात. ते आमचे वाफेचे न्हाणीघर! शिपाई दार लाथाडून आत आला.

"बॉम्ब कुठे लपवलेत?"

वाफेत बसायच्या वरच्या फळीवरून एली म्हणाला, "ये की बाबा. पण बूट काढ, आणि दार लाव आधी, वाफ चाललीय सगळी."

बॉम्ब शोधत शिपायाने चुलीवर वाफेसाठी तापवलेल्या दगडांतच हात घातला. भाजलेल्या पंजाला लोणी मी लावले. तरी एलीला ओल्या केसांनिशी नेले. काहीच शाबीत झाले नाही, म्हणून वसंतात सोडले. तोवर खोकला छातीत उतरला होता. घरी येताच त्याने न्हाणीघराची चूल पेटवली आणि दार सताड उघडे ठेवले, ज्याला बघायचे त्याने बघावे म्हणून. त्याच वर्षी तो गेला.

४. न्हाणीघर व त्याखालची जमीन. टोइव्हो म्हणतो, "आई, पाडून टाकू ते. लोक अजून बोटं दाखवतात गं." त्या हिवाळ्यात शाळेत त्याला काय काय ऐकावे लागले, ते मला ठाऊक आहे. पण तो तिथल्याच खालच्या फळीवर जन्मला, आणि त्याच फळीवर त्याच्या बापाला मी शेवटचे न्हाऊ घातले. लपवण्यासारखे तिथे कधी काही नव्हते.

म्हणून मी गेल्यावर डोरोथीने मला तिथेच न्हाऊ घालावे. शेजारीण लेंपी दाखवेल कसे ते. पाणी टोइव्होने आणावे. त्यानंतर न्हाणीघर त्या दोघांचे. तरीही पाडावेसे वाटले तर खुशाल पाडावे. कुऱ्हाडीला धार लावून ठेवली आहे.

सही: हिल्मा कांगास
साक्षीदार: लेंपी हापाला (शेजारीण), ऑस्कर निएमेला (सुतार)
पाइन क्रीक, २१ ऑक्टोबर १९३१