शिडीवरचा माणूस

बाबा, त्या सिनेमाबद्दल तुम्ही आमच्याशी खोटं बोललात, हे मला अकोल्याच्या टॉकीजमध्येच कळलं होतं. खोटं का बोललात हे कळायला मात्र मला निवृत्त व्हावं लागलं, आणि अजूनही पुरतं कळलंय असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. अमरावतीच्या कोर्टात मी आयुष्यभर लोकांच्या साक्षी टाइप केल्या. खरं बोलणारा माणूस अडखळतो, मागे जातो, स्वतःचंच बोलणं खोडतो. खोटी साक्ष सरळ रेषेत चालते. तुमची गोष्ट फार सरळ होती, बाबा. दर सुट्टीत तीच, त्याच शब्दांत.

हवाई दलात तुम्ही मेकॅनिक होतात, उत्तरेकडच्या कुठल्याशा तळावर. लढाई होऊन काही वर्षं झाली होती आणि त्या लढाईवर सिनेमा काढायला मुंबईची कंपनी तिथे उतरली होती. आई भाकरी थापते आहे, तुम्ही चुलीसमोर पाटावर बसला आहात आणि सांगता आहात. धावपट्टीच्या टोकाला प्लायवूडची विमानं उभी केली, त्यांवर दुश्मनाची निशाणी रंगवली, झाला दुश्मनाचा तळ. धुरासाठी जुने टायर जाळले, त्याचा वास जेवणाच्या डब्यात उतरायचा. खरी विमानं डोक्यावरून इतकी खाली जायची की दिग्दर्शकाची टोपी शेतात जाऊन पडायची. आणि आभाळात ढग नसले की अख्खी कंपनी हातावर हात देऊन बसून राहायची, कारण कोऱ्या आभाळात विमान पळतंय की टांगलंय हे पडद्यावर समजत नाही. हे सगळं सांगताना तुम्ही रंगात यायचात, मध्येच विसरायचात, उलटसुलट सांगायचात. मग शेवटचं वाक्य यायचं, ते मात्र पाठ केल्यासारखं. "हिरो विमानात बसते, अन् शिडीवर चढून त्याले पट्टे बांधून देते तो मी. अंगठा दाखवून खाली उतरतो. नीट पाहाजा."

"येवढ्या लोकाईत यायलेच काहून घेतलं?" आई भाकरी उलथत भिंतीला विचारायची.

आईचा संशय वेगळा होता. तुम्ही तिकडून मेकअपच्या काळ्या रंगाची एक डबी आणली होती आणि शाळेच्या गॅदरिंगसाठी मला दिली होती. मी राक्षस झाले होते आणि तोंड धुताना अर्धी साबणवडी संपली होती. शिडीवर चढणाऱ्या माणसाच्या खिशात मेकअपची डबी कशी येते, यावर आईने बरेच दिवस विचार केला आणि तिकडे कोणी नटी असावी असा निकाल दिला. तुम्ही हसलात. नाही म्हणाला नाहीत. मला तेव्हाही ते खटकलं होतं. निर्दोष माणूस इतक्या आरामात आरोप का घेतो?

मग सिनेमा अकोल्यात लागला. तुम्ही सुट्टीवर होतात. मामा, मावशी, शेजारचे, सगळे मिळून एक रांग आपलीच होती. शिडी आली. शिडीवर माणूस चढला. उंच, गोरा, कानावर हेडफोन, हनुवटी पुढे काढलेला. पट्टे बांधले, अंगठा दाखवला, उतरला. रांगेतल्या सगळ्या माना तुमच्याकडे वळल्या. मग मामा म्हणाला, "भाऊजी, तुमाले लय गोरं केलं जी मेकअपवाल्यानं!" आणि अख्खी रांग फुटली. "माह्यं कापलं असन," एवढंच तुम्ही म्हणालात. पुढे दुश्मनाच्या तळावर हल्ला सुरू झाला तसे तुम्ही उठलात, लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाहेर गेलात आणि हल्ला संपल्यावर शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन आलात. पट्टे बांधून घेणारा हिरो त्याच हल्ल्यात लढत होता, तुमच्या तळावरची विमानं उडत होती आणि तुम्हाला शेंगदाणे आठवले! घरी आल्यावर मी विचारलं, बाहेर का गेलात? कोणाचं कापलं, कोणी कापलं? तुम्ही मला कधी रागावत नसा, त्या दिवशी रागावलात. "पोरगी आहे का पोलीस आहे व तू?"

यंदा उन्हाळ्यात मुलीने मोबाइलवर एक दुवा पाठवला. त्या सिनेमाच्या चित्रीकरणाची जुनी रिळं कोणाला तरी सापडली होती, आणि तेव्हाचा सहायक दिग्दर्शक, आता पार म्हातारा, खुर्चीत बसून आठवणी सांगत होता. प्लायवूडची विमानं, टायर, ढग, उडालेली टोपी, सगळं आलं. तुम्ही ते खरं सांगितलं होतं. मग तो म्हणाला, दुश्मनाचा गणवेश घालून मरायला कोणी तयार होईना, शेवटी एक मेकॅनिक हसत हसत पुढे आला. आणि पडद्यावर तुम्ही आलात. दुश्मनाच्या कपड्यांत, जमिनीवर पडलेले. कोणी तरी हाक मारली तसे उठून बसलात, आणि एक माणूस तुमच्या गालाला डबीतला काळा रंग फासू लागला. डाव्या हाताने मानेमागे खाजवत तुम्ही हसत होतात.

ते हसणं पाहून मला बरं वाटलं नाही. आपल्या घरातला माणूस हसत हसत पुढे येतो म्हणजे काय, हे त्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला कसं माहीत असणार? गावात ढोर मेलं की ते ओढायला आजोबा असेच हसत पुढे व्हायचे, हे तुम्हीच सांगितलंत. दीक्षा घेतल्यावर त्यांनी ते काम सोडलं आणि ते हसूही सोडलं, असं म्हणायचात. मग तुमच्या तोंडावर ते कुठून आलं? मरायचं, तेही दुश्मन म्हणून, हे काम नेमकं तुमच्याच वाट्याला कसं आलं? तुम्ही पुढे आलात, की बाकीचे मागे सरकले?

सांगू शकेल असा एकच माणूस उरला होता, चांदूर रेल्वे गावचे, त्याच तळावर तुमच्याबरोबर असलेले तुमचे दोस्त. तुम्ही निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी तेही नोकरीतून सुटले, मग आपल्याकडे येऊन जेवून जायचे. मी गेले तेव्हा ते ओसरीवर तुरीचं बियाणं निवडत बसले होते. "ये व बाई, बस," म्हणाले, आणि मी सिनेमाचं नाव काढताच त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"तुह्या बापाले कोणी मराले निवडलं नोतं," ते म्हणाले. "त्याले त शिडी भेटली होती. मराचं काम माह्या वाट्याले आलं होतं."

"मग शिडीवर कोण?"

"मी."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्या सुरकुत्यांत ती पुढे काढलेली हनुवटी अजून होती. इतकी वर्षं आपल्या ताटाशेजारी जेवलेला माणूस.

"माहा मोठा भाऊ त्याच लढाईत गेला होता," ते म्हणाले. "मी तो ड्रेस हातात घेतला अन् मले घालताच ये ना. तुह्या बापानं पायलं, माह्या हातातून ड्रेस घेतला, म्हणे, जाय तू शिडीवर. सिनेमावाल्याले दोन माणसं पायजे होते, कोणचा कोण याचं त्याले काय?"

शिडी तुमची, मरण त्यांचं, आणि अदलाबदल कोणाच्या मर्जीने झाली हे सांगणारा साक्षीदार एकच, ज्याचा फायदा झाला तो. मी सोडणार नव्हते. "तुम्ही बाबांना म्हणालात का, तू घाल म्हणून?"

"नाई. म्हटलं नाई. म्हणजे... त्याच्याकडं पायलं मी. तेवढं पायलं."

"इतके मेकॅनिक होते तिथे. बाबांकडेच का पाहिलंत?"

आत सून भांडी घासत होती, ती थांबली. म्हाताऱ्यांनी सुपातले दोन दाणे उचलले, पुन्हा टाकले. "त्याच्याकडंच पायता येत होतं, बाई," ते म्हणाले.

या वाक्याचं काय करू, बाबा? दोस्ताकडे पाहिलं, की नाही म्हणू न शकणाऱ्या माणसाकडे पाहिलं? मी पुढे एवढंच विचारलं, की मग घरी खरं का सांगितलं नाही. ते म्हणाले, "मीबी त्याले हेच म्हटलं. त म्हणे, दुश्मन झालो सांगलं त मले हसतीन, अन् कोणासाठी झालो सांगलं त तुले हसतीन. शिडीवरचाच बरा." निघताना आतल्या भिंतीवर हार घातलेला फोटो दिसला, गणवेशातला कोवळा मुलगा, तीच हनुवटी. भाऊ खरा होता. ते मला फाटकापर्यंत सोडायला आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायचं विसरून गेले.

अमरावतीला परतताना बसमध्ये मी कधी त्यांच्या बाजूने निकाल दिला, कधी विरुद्ध. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण तुम्ही गेलात तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती आणि मी तुम्हाला बाळाचं नाव काय ठेवू एवढंच विचारत होते. तुम्ही मनापासून हसला असाल, तर ते हसू मला ओळखता आलं नाही. मनापासून हसला नसाल, तर तुम्ही ते माझ्यापासून फार छान लपवलंत. कोर्टात असतं तर संशयाचा फायदा दिला असता. घरच्या माणसाला तो कसा द्यायचा हे मला येत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा शेवटचंही लिहून टाकते. परवा दुपारी मुलीने मोबाइलवर तो सिनेमा लावून दिला आणि मी हल्ल्याचा भाग शोधून काढला. विमान अगदी खालून जातं, धूर उठतो, तुम्ही पळत येता, पडता आणि कॅमेरा तुमच्यावरून पुढे सरकतो. मी तिथेच मागे घेतलं, पुन्हा पाहिलं. तुम्हाला मरता आलेलं नाही, बाबा. धावून दम लागलेला आहे, आणि दुश्मनाच्या त्या सदऱ्याखाली तुमचं पोट भराभर वरखाली होतंय. दिग्दर्शकाच्या कसं लक्षात आलं नाही, कोण जाणे. तेव्हापासून मी रोज तेवढंच पाहते, आणि त्याच्या पुढे काय होतं ते अजून पाहिलेलं नाही.