इंजिनाच्या वाटचं पाणी

अहो,

तुमच्या वाफेवरच्या छोट्या इंजिनाचा बॉयलर मी जाळला. वन्संपुढे ऐट दाखवायला गेले. दिव्यात स्पिरिट तुमच्या मापाने काठोकाठ भरलं, पण टँकर चार दिवस फिरकला नाही म्हणून बॉयलरमध्ये पाणी मात्र निम्मंच घातलं. पाणी आटलं तरी दिवा जळतच राहिला, आणि सांध्यांचा सगळा डाख वितळून खाली आला. पाण्याआधी स्पिरिट संपायला हवं, हे तुम्ही शंभरदा सांगितलं होतं. मी तेव्हा त्या वाटीभर पाण्यावरून तुमच्याशी भांडत होते.

बॉयलर घेऊन मिरजगावला तांबटाकडे जातेय, सहाच्या एसटीने येईन. पिठलं झाकून ठेवलंय. माठाशेजारच्या तांब्यातलं पाणी पिऊ नका, ते इंजिनाचं आहे. आज मी अंघोळ केली नाही.